बीबीजानचा नंबर

सोमेश्वर पंचाक्षरींनी बीबीजानला पहिल्यांदा नीट पाहिलं, ते त्यांच्या दुकानात फोन बसला त्या उन्हाळ्यात. त्याआधी कितीतरी वर्षं ती त्यांच्या समोरच्याच घरात राहत होती, त्यांच्याच दुकानातून तेल-मीठ नेत होती, आणि तरी तिचा चेहरा कसा आहे असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. कल्हईवाल्याची विधवा, लिंबाखाली टोपली घेऊन बसते, हंगाम येईल तशी बोरं, पेरू, सीताफळं विकते, एवढंच. रोज डोळ्यांपुढं असणारी माणसं अशीच पाहायची राहून जातात.

उमापुरात तेव्हा फोन मोजकेच होते. अप्पांनी (सोमेश्वररावांना सगळं गाव अप्पाच म्हणतं) अर्ज केला तेव्हा त्यांची लेक शिवांजली बाराखडी गिरवत होती, आणि तार ओढून झाली तेव्हा ती दहावीला बसली होती. गल्ल्याशेजारी लाकडी स्टुलावर फोन ठेवला. त्यांच्या बायकोनं, रुद्राणीबाईंनी, त्याच्यावर घालायला क्रोशाचं पांघरूण विणलं. दुकानात आलेला माणूस मिरच्या तोलून होईस्तोवर त्या पांघरुणाकडं बघत उभा राहायचा.

एका शुक्रवारी दुपारी घंटी वाजली. पलीकडून पोरगा घाईनं बोलला, "चाचा, मी आमेर. कुवेतवरनं बोलतोय. अम्मीला बोलवून ठेवता का? पाच मिनटांनी परत लावतो."

अप्पा ओट्यावर आले आणि त्यांनी हाक मारली, "बीबीजान! पोराचा फोन हाय तुझ्या!"

ती पळतच आली, पण उंबऱ्याशी थबकली. चपला काढल्या, पदर डोक्यावरून पुढं ओढला, हात लुगड्याला पुसले. पोरगा आता दारातून आत येणार आहे, अशी ती उभी राहिली. घंटी वाजली तसा तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून कानाला लावला आणि डोळे मिटून नुसती ऐकत राहिली. चकार शब्द नाही. मग रिसीव्हर अप्पांपुढं धरला.

"बरा हाय म्हणतो. त्याला सांगा, मीबी बरी हाय."

"अगं, तूच सांग की."

"माझ्यानं न्हाई बोलवत, अप्पा. तुमी सांगा."

अप्पांनी फोन घेतला. "आमेर, तुझी आई बरी हाय म्हणती."

"शेळी व्याली म्हणा."

"शेळी व्याली म्हणती."

"दोन पिल्लं."

"दोन पिल्लं झाली म्हणती. एक काळं हाय का गं? हां, एक काळं, एक कबरं."

दुकानाच्या पायरीवर रोज बसणारा बंकट हसून हसून बेजार झाला. "अप्पा, आता शेळीलाबी बोलवा फोनवर!" बीबीजानही हसली. तिच्या चेहऱ्यावर देवीचे वण आहेत आणि हसताना ती तोंडावर हात ठेवते, हे अप्पांना त्या दिवशी कळलं.

पुढं ती बोलायला शिकली. दर शुक्रवारी आमेरचा फोन यायचा आणि ती भिंतीकडं तोंड करून, हळू आवाजात, त्यांच्या दखनीत बोलायची. अप्पा तेवढा वेळ ओट्यावर जाऊन उभे राहायचे. ऐकलं तरी चाललं असतं; पण आपण बाहेर उभं राहावं, हे त्यांचं त्यांनाच सुचलं होतं आणि त्याचं त्यांना मनातून बरं वाटायचं.

त्या काळात हे सगळीकडंच चालायचं. ज्याच्या घरी फोन नाही तो शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढं पी. पी. असं लिहायचा. म्हणजे फोन दुसऱ्याचा, पण बोलावणं आम्हाला. बीबीजानच्या समिनाचं लग्न परळीच्या मेकॅनिकशी ठरलं, तेव्हा पत्रिकेवर खाली बीबीजानचं नाव आणि अप्पांचा नंबर छापला होता. नोकरीच्या अर्जावर, दवाखान्याच्या केसपेपरवर, विहिरीच्या मोटारवर खडूनं, असा तो नंबर अर्ध्या गल्लीचा झाला होता.

"फोन तुमचा, बिल तुमचं, अन् नंबर गावाचा," बंकट म्हणायचा. "अप्पा, तुमी नंबर ठेवला का पाणवठा?"

"पाणवठाच समज," अप्पा म्हणायचे. त्यांना ते आवडायचं. चांगला माणूस म्हणवून घेणं कुणाला आवडत नाही?

वर्षं गेली. शिवांजली औरंगाबादला शिकली, तिचं लग्न झालं, आणि कॉम्प्युटरमध्ये काम करणाऱ्या नवऱ्याबरोबर ती अमेरिकेला गेली. तिचा फोन रविवारी संध्याकाळी यायचा. शुक्रवार बीबीजानचा, रविवार आपला, असं ते चाललं होतं.

मग धाकट्या वीरेशचं लग्न निघालं. शिवांजलीला रजा मिळाली नाही. ती फोनवर रडत सांगत होती आणि अप्पा इकडं पाहुण्यांच्या गर्दीत उभे होते. कुणीतरी विचारलं, "काय, लेक येती का न्हाई?" तेवढ्यानं अप्पांचं डोकं फिरलं. "सख्ख्या भावाच्या लग्नाला येता येत न्हाई, तर मग येऊच नको कधी," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या रविवारी शिवांजलीचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

रुद्राणीबाई म्हणाल्या, "तुमी करा तिला."

"ती करील तेव्हा करील."

बाहेरगावच्या फोनला कुलूप असायचं, त्याचे आकडे फक्त अप्पांना ठाऊक. रुद्राणीबाईंनी ते कधी मागितले नाहीत आणि अप्पांनी दिले नाहीत. पावसाळा तसा गेला. रविवारी संध्याकाळी दोघं फोनच्या अंगाला बसायचे आणि दुसऱ्याच गोष्टी बोलायचे.

लग्नाच्या गडबडीतच आणखी एक गोष्ट होऊन गेली होती. ती कुणाला मोठी वाटली नव्हती, म्हणून तिचा कुणी विचारही केला नाही.

गल्लीतल्याच चाँदनं गेवराईला इंटरनेटचं दुकान टाकलं होतं. तो रोज सकाळी मोटारसायकलवर जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. एक दिवस तो बीबीजानच्या ओट्यावर बसून तिला समजावत होता आणि समोरून अप्पा अर्धवट ऐकत होते.

"खाला, आमेरभाईच्या खोलीत इंटरनेटचा फोन आलाय. आता तो तुमच्याशी फुकट बोलंल. घंटाभर बोला!"

"फुकट कसं काय?"

"जगाची एक डिरेक्टरी हाय, काम्प्युटरातली. तिच्यात आपला नंबर घालायचा अन् सांगून ठेवायचं, ह्या नंबरचा माणूस अमक्या काम्प्युटरवर सापडंल. मग इंटरनेटच्या फोनवरनं कुणी तो नंबर फिरवला, की कॉल तारेनं येतच न्हाई. सरळ माझ्या दुकानात वाजतो. तुमी शुक्रवारी गेवराईला या, कानाला लावा अन् बोला."

"अन् नंबर कोणता घालायचा?"

"तुमचाच की. आमेरभाईला पाठ हाय तो."

तिचा नंबर म्हणजे अप्पांचा नंबर. चाँद ह्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला. समिनाच्या पत्रिका त्यानंच वाटल्या होत्या. तो नंबर बीबीजानचा नाही, असं त्याच्या मनातही आलं नाही. तिच्याही आलं नाही.

"फक्त एक हाय," चाँद म्हणाला. "नंबर खरंच आपला हाय का, हे ते लोक तपासतात. उगाच कुणीबी कुणाचाबी नंबर घालू नये म्हणून. मशीन त्या नंबरवर फोन करतं अन् चार आकडे सांगतं. ते ध्यानात ठेवायचे. संध्याकाळी मला सांगा, मी उद्या जाऊन भरतो. आकडे जुळले की नंबर आपला."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला, तो अप्पांनीच उचलला. दुकानात वीरेशच्या हळदीचं सामान बांधायचं चाललं होतं.

"हॅलो? कोण? ... अहो बाई, जरा थांबा तरी. ... कोण पाहिजे तुमाला?" त्यांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. "कोण इंग्रजी बाई हाय, ऐकूनच घेईना! आकडे आकडे करतीय नुसती."

"खालाचा असंल," बंकट म्हणाला. "चाँद म्हणत व्हता न्हाई का?"

अप्पांनी इतकी वर्षं जे केलं तेच केलं. रिसीव्हर साखरेच्या पोत्यावर ठेवला, ओट्यावर आले आणि हाक मारली. "बीबीजान! तुझा हाय गं!"

बीबीजान आली, पदर घेतला, ऐकलं. मशीन तेच तेच पुन्हा सांगत होतं. फोनवर राहून राहून इंग्रजी आकडे तिला येऊ लागले होते. "फोर," ती मोठ्यानं म्हणाली. "सेवन. टू. मग परत सेवन." विसरू नये म्हणून तिनं रुद्राणीबाईंना म्हणायला लावलं. रुद्राणीबाईंनी बंकटला. "फोर, सेवन, टू, सेवन," असं बंकट गुळाच्या ढेपेवर ताल धरून म्हणायला लागला, तेव्हा हळदीच्या पुड्या बांधणारे अप्पासुद्धा त्याच्यात सूर मिळवून म्हणाले. जे आकडे एका माणसाशिवाय कुणाला कळू द्यायचे नव्हते, ते सगळं दुकान घोकत होतं. संध्याकाळी चाँदनं विचारलं, तेव्हा बीबीजाननं तोंड उघडायच्या आत बंकटनंच सांगून टाकले.

चाँदनं आकडे भरले. मशीनची खात्री पटली. जगाच्या त्या डिरेक्टरीत नंबर बीबीजानचा झाला.

तेव्हापासून शुक्रवारी दुकानातला फोन वाजेनासा झाला. बीबीजान टोपली शेजारणीकडं ठेवून जीपनं गेवराईला जायची आणि परत आली की ओट्यावरूनच सांगायची, "अप्पा, घंटाभर बोलला! एक पैसा न्हाई!" अप्पा "बरं झालं" म्हणायचे. पण शुक्रवारची ती दुपार त्यांना रिकामी वाटायला लागली होती आणि बीबीजानला आता आपली गरज राहिली नाही, हे कुठंतरी टोचतही होतं. त्यात लेकीचं बोलणं बंद. गप्प फोनशेजारी बसून माणूस काय काय मनात साठवतो, ते त्याचं त्यालाही कळत नाही.

दिवाळीच्या बाजाराला चाँद तडक दुकानात आला. गर्दी होती, तेल, रवा, उटणं, सगळ्यांची घाई. आल्या आल्या तो म्हणाला, "अप्पा, लई घोळ झालाय. काल रविवारचं दुकान उघडलं व्हतं. काम्प्युटरवर कॉल आला. मला वाटलं आमेरभाई. तर शिवाताई! 'अप्पा, अप्पा' म्हणून रडायलीय."

अप्पांच्या हातातलं माप तसंच राहिलं.

"त्यांच्या मालकांनी वीरेशच्या लग्नाच्याच सुमारास घरी इंटरनेटचा फोन जोडलाय. तो आधी त्या डिरेक्टरीत बघतो. डिरेक्टरी म्हणती, हा नंबर गेवराईला हाय. म्हणून शिवाताईचे सगळे कॉल माझ्या दुकानात आले. अन् रविवारी माझं दुकान बंद. तिकडं नुसती घंटी वाजत ऱ्हायली. तिला वाटलं, तुमी फोन उचलत न्हाई."

अप्पांच्या डोळ्यांपुढून ते सगळे रविवार गेले. पोरगी तिकडं नंबर फिरवत होती, आणि ते इथं म्हणत होते, ती करील तेव्हा करील. ती वेदना त्यांना सोसली नाही. ती कुणाच्या तरी अंगावर टाकायला हवी होती.

"माझा नंबर गेवराईला गेलाच कावून?" ते ओरडले. "कुणी दिला?"

"खात्री करूनच घेतला, अप्पा. मशीननं आकडे सांगितले, ते खालांनी..."

बीबीजान तेवढ्यात आवाज ऐकून ओट्यापाशी आली होती. तिच्या हातात तागडी होती.

"ये, ये," अप्पा म्हणाले. "इतकी वर्सं फोनवर बोलू दिलं, तर नंबरच आपला म्हणून सांगून मोकळी झालीस? चोरीच झाली की ही! उद्या म्हणशील, दुकानबी माझंच हाय. बोट दिलं तर मनगट धरावं माणसानं!"

बंकटसुद्धा पायरीकडं बघत बसला. बीबीजाननं एकदा अप्पांकडं पाहिलं, एकदा दुकानातल्या लोकांकडं. मग हातातली तागडी खाली ठेवली, पदर डोक्यावरून सारखा केला आणि तागडी उचलून परत गेली. तिनं लिंबाखालची टोपली झाकली आणि भर बाजारात ती घरात जाऊन बसली.

चाँदनं दुसऱ्याच दिवशी डिरेक्टरीतून नंबर काढून टाकला. शिवांजलीशी बोलणं झालं. बाप-लेक दोघंही रडले, ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही माझा आवाजसुद्धा ऐकायचा नाही असं ठरवलंय." अप्पा म्हणाले, "वेडी हायेस का?" एवढ्यात सगळं मिटलं. घरात पुरणपोळी झाली.

ती वाढताना रुद्राणीबाई म्हणाल्या, "एक सांगू का? त्या दिवशी फोन तुमीच उचलला व्हता."

"कोणत्या दिवशी?"

"हळदीचं सामान बांधत व्हतो तेव्हा. मशीनचा. तुमीच तिला हाक मारलीत, 'तुझा हाय' म्हणून. आकडेबी तुमीच म्हणत व्हता आमच्याबरूबर."

अप्पांचा घास हातातच राहिला. फोर, सेवन, टू, सेवन. ते त्यांना लख्ख आठवलं. पोत्यावर ठेवलेला रिसीव्हर, बंकटचा ताल, सगळं. ह्याला ते चोरी म्हणाले होते. चार लोकांत.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. आता डिरेक्टरीत नंबर नव्हता, म्हणून आमेरचा फोन पुन्हा तारेनं आला होता. अप्पा जवळजवळ धावत ओट्यावर आले. "बीबीजान! आमेरचा फोन!"

समोरचं दार उघडं होतं. ती आत चुलीपुढं बसलेली दिसत होती. ती उठली नाही. तिथूनच म्हणाली, "त्याला म्हणावं, बीबीजान ह्या नंबरावर न्हाई ऱ्हात."

अप्पा परत आले. फोन पुन्हा वाजला. "चाचा, अम्मी आली का?"

"बाजारला गेली बाबा."

"आज तर बाजार न्हाई, चाचा."

"हां... परळीला गेली म्हणं. समिनाकडं." अप्पांच्या आयुष्यात खोटं बोलायची वेळ फारशी आली नव्हती, दुकानदार असूनही.

पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आमेरचा आवाजच बदलला. "चाचा, खरं सांगा. अम्मी हाय ना?" "हाय रे, हाय. डोळ्यांपुढं हाय माझ्या," ते म्हणाले. ते खरं होतं. समोर लिंबाखाली ती पेरू मांडत होती. ती आता मीठसुद्धा खालच्या आळीतल्या दुकानातून आणत होती, आणि चाँद आमेरच्या दोस्तांकडून आणेल तेवढीच पोराची खबर घेत होती. पण ह्या फोनला हात लावत नव्हती.

गल्लीतल्या लोकांनी बीबीजानला काही म्हटलं असतं तरी अप्पांना बरं वाटलं असतं. कुणी काहीच म्हणत नव्हतं. मात्र पूर्वी तिच्याकडं पिशवी उघडी टाकून पुढं जाणाऱ्या बायका आता तागडीकडं बघत उभ्या राहायच्या, काटा स्थिर होईस्तोवर. अप्पा गल्ल्यावर बसून ते रोज पाहायचे. एक शब्द तोंडातून जातो, आणि लोक तो कुणाच्या वजनात घालतील, ते सांगता येत नाही.

शेवटी रुद्राणीबाई म्हणाल्या, "जा, अन् तोंडानं म्हणा तिला."

अप्पा गेले. रस्ता ओलांडायला कितीसा वेळ लागणार. पण इतक्या वर्षांत ते तिच्या दाराशी कधी गेलेच नव्हते, हे त्यांना तिथं पोचल्यावर कळलं. नेहमी तीच आली होती. तिनं ओट्यावर पोतं अंथरलं, चहा केला, कपबशी पुढं ठेवली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

"आमेर काय म्हणतो?"

"बरा हाय."

"थंडी पडली यंदा."

"हौ."

चहा संपला. अप्पांनी कप बशीत ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "मी त्या दिवशी बोललो ते... माझ्या तोंडातून गेलं, बीबीजान. मनात नव्हतं."

ती अगदी साधेपणानं म्हणाली, "तुमी बोललात त्याचं काय न्हाई, अप्पा. थोरले हायेत तुमी. पण लोक व्हते ना दुकानात."

तिनं कपबशी उचलली. "आता इथं तर कोनीच न्हाई," ती म्हणाली आणि आत गेली.

घरी आल्यावर त्यांनी रुद्राणीबाईंना काही सांगितलं नाही. रात्रभर त्यांना झोप लागली नसेल असं कुणी म्हणेल, पण झोप लागली. सकाळी उठल्यावर मात्र काय करायचं ते समोर होतं आणि त्यात पळवाट नव्हती. पुढच्या बाजाराच्या दिवशी दुकान भरायची त्यांनी वाट पाहिली. भरलं. आणखी थोडं भरू द्यावं, असं मनाशी दोनदा म्हणून झालं. मग ते गल्ल्यावरून उठून उभे राहिले.

"ऐका जरा," ते म्हणाले. अगदी हळू.

"काय म्हणालात, अप्पा?" बंकटनं पायरीवरून विचारलं. त्याला ऐकू आलं होतं.

"ऐका म्हणलं. दिवाळीला मी बीबीजानला जे बोललो, ते खोटं व्हतं. मशीनचा फोन मीच उचलला. तिचा हाय म्हणून मीच हाक मारली. आकडे तिनं लपून घेतले न्हाईत, ह्या दुकानात उभं राहून घेतले. मीबी म्हणत व्हतो ते. चोरी काही झाली न्हाई."

"जरा मोठ्यानं," बंकट म्हणाला. "लिंबापस्तोर गेलं न्हाई."

"बंकट्या, बे..."

"अन् ते मनगटाचं बोललात, ते?"

अप्पांचे कान तापले. समोर त्यांचे व्याही कुठल्याशा कामानं आलेले, खुर्चीत बसले होते. नवी सून आतल्या दारात उभी होती. त्या दोघांपुढं तरी हे नको होतं. "तेबी खोटं व्हतं," ते म्हणाले, आणि आता आवाज लिंबापर्यंतच काय, पार पाराच्या पलीकडं गेला. "मी चुकलो. मी चुकलो म्हणतो! झालं?"

कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं "शेंगदाणे अर्धा किलो" म्हटलं आणि दुकान पुन्हा सुरू झालं. अप्पा खाली बसले. त्यांनी लिंबाकडं पाहिलं नाही; पाहायची छाती झाली नाही. ते शेंगदाणे तोलू लागले.

गर्दी ओसरल्यावर बीबीजान आली. उंबऱ्याशी चपला काढल्या. "पाव किलो साखर द्या," ती म्हणाली. अप्पांनी तोलली, पुडा बांधला. तिनं पैसे मोजून दिले, त्यांनी मोजून घेतले. जाताना ती म्हणाली, "व्याह्यांसमोर म्हणायचं नव्हतं, अप्पा. लाज गेली तुमची." आणि ती तोंडावर हात ठेवून किंचित हसली.

मीठ-तेल ती परत त्यांच्याकडून न्यायला लागली. बोलणंही पहिल्यासारखं झालं, जवळजवळ. पण त्या फोनवर ती पुन्हा कधी बोलली नाही. शुक्रवारी घंटी वाजली आणि अप्पांनी हाक मारली, की ती म्हणायची, "त्याला सांगा, मी बरी हाय." अप्पा सांगायचे. कधी शेळीचं सांगायचे, कधी समिनाच्या पोरीचं. रिसीव्हर पुढं केला, तर ती मान हलवायची. अप्पांनी आग्रह केला नाही. तेवढं तिचं राहू द्यावं, असं त्यांना वाटलं.

पुढच्या वर्षी आमेरनं पैसे पाठवले आणि तिनं स्वतःच्या नावावर फोन घेतला, बिनतारी, छोट्या अँटेनाचा. तार न्हाई तर बोलणं येतं कुठून, म्हणून गल्ली बघायला जमली. अप्पाही गेले. तिनं त्यांना खुर्ची दिली, पण नंबर सांगितला नाही. त्यांनीही विचारला नाही. तो त्यांना बंकटनं सांगितला, कारण बंकटनं तोवर तो आपल्या जावयाला पी. पी. म्हणून देऊनसुद्धा टाकला होता.

मोबाईल आले तसे दोन्ही फोन गेले. दुकान आता वीरेश बघतो. अप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसतात, आणि नव्या माणसाला गल्लीची गोष्ट सांगताना दिवाळीचा तो बाजार कधी वगळत नाहीत. त्यातलं बंकटचं बोलणं ते हसत सांगतात. स्वतःचं बोलणं सांगताना मात्र रस्त्याकडं बघतात.

बीबीजान परळीला समिनाच्या घरी राहते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय.